हातमोजे गिऱ्हाइकांसाठी

रविवार, २६ एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि छोटीला पापा दे.

मागच्या पत्रात तू अगदी शेवटी, कागद संपता संपता, बारीक अक्षरात विचारलं होतंस, "आई सुखात आहे ना?" ताई, ह्याचं उत्तर मला देता येत नाही. आईलाच विचारलं तर म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" तेवढंच तुला कळवून मोकळी झाले असते, पण ते जमेना. म्हणून पत्राला उशीर झाला. फोन केला असता, तर भावोजी नर्सरीपायी इकडे आणि तू सासूबाईंपाशी गावी, तिथला फोन पडला पुढच्या खोलीत. तिथे तू सगळ्यांच्या देखत "हं, बरं, ठेवू का?" एवढंच बोलतेस. हे "हं, बरं" मध्ये मावणारं नाही.

आधी इकडची खुशाली सांगते. न्हाणीघरातला नळ एकदाचा बदलला. गळायचा थांबला, तर आता टपटप ऐकू आल्याशिवाय आईला झोप येत नाही म्हणे. वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका मशीन उचलून मुलाकडे राहायला गेले. माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राची फ्रेम झाली, पण ती घरी लागली नाही. भावोजींनी ती नर्सरीच्या ऑफिसात, त्यांच्या खुर्चीच्या मागे लावली. "आपल्या घरात पहिली पदवी आलीय, ती काय कपाटात ठेवायची?" असं म्हणाले. मला तेव्हा फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. शेवटच्या पेपरला मला टेम्पोतून सोडायला तेच आले होते, कुंड्यांच्या मध्ये जागा करून. पदवीदानाला सगळ्यांत जोरात टाळ्याही त्यांच्याच. अजून मला नावाने हाक मारत नाहीत, "काय गं बॉटनी" म्हणतात.

हे सगळं आधी लिहून ठेवते. पुढचं वाचताना तुला असं वाटायला नको, की मी ते विसरले.

नर्सरीच्या फाटकावरची वेल यंदा वेड्यासारखी फुललीय. मी लेबलावर 'क्लेमॅटिस' असं लिहिते आणि खाली 'रानातल्या मोरवेलीची बागेतली बहीण', पण कामाच्या बायकांच्या तोंडी ती चांदणीच. तुला माहीतच आहे, सकाळी बघितलं की आख्ख्या कमानीवर रात्रीचं आभाळ उतरवून ठेवायचं राहून गेल्यासारखं वाटतं. वासही बदामासारखा. लोक ज्यांना पाकळ्या म्हणतात त्या पाकळ्या नाहीतच, ती निदलं आहेत, कळीची बाहेरची आवरणं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते आणि प्रत्येक गिऱ्हाईक "हो का?" म्हणून किंमत विचारतं. पाटीवरचं तुझं नाव फुलांनी झाकून गेलंय. भावोजी म्हणतात, राहू दे, मालकीणबाईंनी घुंघट घेतलाय.

प्रदर्शनात आपल्या चांदणीला पहिलं बक्षीस मिळालं, ते त्यांनी तुला सांगितलं असेलच. मागणी इतकी आलीय की कटिंगच्या शेडमध्ये बसायला जागा नाही. आई रोज नर्सरीत येते. तिची देखरेख असते, तुला माहीत आहेच.

वरचं वाक्य मी खोडणार होते. खोडत नाही, पण ते खरं नाही. आई देखरेख करत नाही, ताई. आई टेबलाशी बसून कटिंग करते, रोपांसाठी फांद्या कापते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, बाकीच्या बायकांच्या रांगेत, तशाच स्टुलावर. मी पुढे विक्रीच्या बाजूला असते, लेबलं लिहिते, गिऱ्हाइकांशी बोलते. मधे दोन काचघरं. ती डबा खायला हात धुऊन, पदर सारखा करून माझ्याकडे यायची आणि मी समजायचे की ही बायकांवर लक्ष ठेवून आली. मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

मला कळलं ते कपड्यांवरून. एका सुट्टीच्या दिवशी उठले, तर गॅलरीत दोरीवर कपडे ओले गच्च, पाणी नुसतं गळतंय आणि खालच्या बाई वर बघून बोलतायत. आई आणि न पिळता कपडे वाळत घालणार! आपल्याला शाळेत असताना ती काय म्हणायची, "पीळ, पीळ, त्याला दया नको दाखवू." मी चिडून आत गेले आणि म्हटलं, असं काय करतेस, लोकांच्या डोक्यावर पाणी पडतंय. ती म्हणाली, "ऊन आहे की, वाळतील." आणि हात पदराखाली घेतले.

मी पदर बाजूला केला.

तुला वर्णन सांगू का? बोटांच्या बेचक्यांतली कातडी भिजलेल्या कागदासारखी सुटलेली. दोन्ही मनगटांवर पाण्याने भरलेले फोड, काही फुटलेले. अंगठ्याच्या खालची जागा तर लाल मांस. मी विचारलं, हे कसलं? म्हणाली, "उष्णता आहे अंगात. टेबलावर सगळ्यांनाच होतं."

सगळ्यांनाच उष्णता होते! एका रांगेत बसणाऱ्या सगळ्या बायकांना, फक्त हातांना, फक्त कटिंगच्या हंगामात. कसली शिकलेली उष्णता आहे ही.

मी तिला ओढत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "घरकाम." डॉक्टरांनी भांड्यांचा साबण बदलायला सांगितला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, घरकाम काय म्हणून सांगितलंस? तर म्हणाली, "जावयाकडचं काम म्हणजे घरचंच की. आणि घरच्या कामाला कोण हातमोजे घालतं?"

ताई, हातमोज्यांचं मी काही म्हटलंच नव्हतं. ते तिच्या तोंडून आलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

चांदणीच्या रोपाला जे लेबल बांधतो ते मी लिहिलेलं आहे. नोकरी लागली तेव्हा मला पहिलं काम तेच मिळालं होतं. सगळ्यांत वर नर्सरीचं नाव, म्हणजे तुझं. मग वेलीचं नाव. मग "मुळांना सावली द्या, शेंड्याला ऊन द्या." मग छाटणी कधी करायची ते. आणि शेवटी, ठळक अक्षरात: "ह्या वेलीचा ताजा रस कातडीला भाजतो. छाटताना हातमोजे घाला." हे मी कॉलेजात शिकले होते. ताजी फांदी चिरडली की रस झोंबतो, फोड येतात, आणि वाळल्यावर त्यातला दाह जातो. शहाण्या पोरीसारखं मी ते लिहिलं. भावोजींनी वाचून शाबासकी दिली होती, "गिऱ्हाइकाला वाटायला पाहिजे, ह्यांना आपली काळजी आहे."

आणि हे लेबल रोपाला बांधतं कोण? आपली आई. दिवसभर ताज्या फांद्या कापून, चिरून, त्याच हातांनी. आई वाचत नाही असं नाही, सावकाश का होईना पण वाचते. मी विचारलं, तू ते शेवटचं वाक्य कधी वाचलं नाहीस का?

"वाचलं की," ती म्हणाली. "ते गिऱ्हाइकांसाठी असतं गं."

इतक्या साध्या आवाजात म्हणाली, ताई. जसं काही मी विचारलं होतं, दुकानातली मिठाई तू का नाही खाल्लीस.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा कटिंगच्या शेडमध्ये नीट जाऊन बसले. प्लॅस्टिकचं छप्पर, आत वाफारा, टेबलावर फांद्यांचे भारे. दोन पेरांच्या मध्ये चाकू मारायचा, पानांची एक जोडी ठेवायची, त्यातलं एक अर्धं खुडायचं, ट्रेमध्ये खोचायचं. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो. आणि टेबलाच्या मधोमध, बरणीत, मलमाच्या नळ्या. बायका चहाच्या सुट्टीत आपापली नळी काढून चोळतात, गप्पा मारतात, एकमेकींच्या हातांना नावं ठेवतात. एकीने माझ्याकडे बघून म्हटलं, "आल्या, आल्या, उन्हात न उभं राहणाऱ्या बाई." सगळ्या हसल्या, आईसुद्धा.

मलम कोण आणतं म्हणून विचारलं, तर कळलं मालक आणतात. खोकाच आणून ठेवतात, हंगाम सुरू व्हायच्या आधी.

हंगाम सुरू व्हायच्या आधी, ताई. म्हणजे फोड येणार हे त्यांना बायकांच्या आधी माहीत असतं.

मी तशीच ऑफिसात गेले. मला वाटलं होतं, त्यांना फक्त सांगायचा अवकाश. ते म्हणाले, "अगं बॉटनी, हातमोज्यात पेर कळत नाही. बोटांना डोळे असतात. मोजा घातला की डोळ्यांवर पट्टी. निम्मं काम होईल." मी म्हटलं, तुम्ही स्वतः प्रदर्शनात लोकांना छाटून दाखवता तेव्हा चामड्याचे घालता. ते म्हणाले, ते फोटोसाठी. मी म्हटलं, मग मलम कशाला आणता? म्हणाले, "काळजी आहे म्हणूनच ना?" त्यांना खरंच तसं वाटतं, ह्याचाच मला जास्त संताप आला. मी म्हटलं, काळजी फोड यायच्या आधीची करावी, नंतरची तर औषधाचा दुकानदारही करतो.

तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "आईंना मी बोलावलं नव्हतं. त्या आपण होऊन आल्या. आणि हे बघ, कटिंग माझं खातं, लेबलं तुझं. तू तुझ्या लेबलांचं बघ."

मी माझ्या पगारातून पातळ रबरी हातमोजे आणले, टेबलावरच्या सगळ्या जणींना पुरतील एवढे. आणि स्वतः ते घालून दिवसभर बसले. सुरुवातीला चाकू सरकायचा, मग हात बसला. माझ्या ट्रेमधली रोपं महिन्याने बाकीच्यांच्या इतकीच लागली, आणि एकही फोड न येता माझी बोटं धडधाकट. भावोजींना ट्रे नेऊन दाखवला. "छान," म्हणाले आणि फोन घेतला.

बायकांनी हातमोजे हौसेने घेतले आणि पिशवीत घालून घरी नेले. एकीनेही घातले नाहीत. आईने तिची जोडी घडी करून माझ्या पदवीदानाच्या साडीखाली ठेवलीय, चांगली वस्तू म्हणून. मी भांडले. तर आई म्हणाली, "मालकाने दिलेले नाहीत ते मालकाच्या कामात कसे घालायचे? त्यांना काय वाटेल?" आणि मग मला शपथ घातली, तुला ह्यातलं काही कळवायचं नाही. "तिकडे ती सासूची उठबस करतेय. तिच्या संसारात काडी टाकलीस तर तुझं माझं बोलणं बंद." म्हणून मी तुला "सगळं ठीक" अशी पत्रं पाठवत राहिले.

मग ही शपथ मी आज का मोडतेय?

टेबलावर सगळ्यांत जुन्या बाई आहेत ना, नव्या बायकांना शिकवतात म्हणून ज्यांना सगळे मास्तरीण म्हणतात, त्यांच्याशी परवा बोलत होते. मी तावातावाने म्हणत होते, भावोजींनी आपल्या सासूला इथे बसवलं, लाज कशी वाटत नाही. मास्तरीणबाई फांदी खाली न ठेवता म्हणाल्या, "त्यांनी कुठे बसवलं? तुझ्या ताईने सांगितलं मला. आई घरी एकटी कुढत बसते, तिला तुमच्या शेजारी घ्या म्हणाली." आणि मग, जसं काही कौतुकच, "तुझी ताई लग्नानंतर याच स्टुलावर बसायची. हात काय चालायचा तिचा. तिलापण फार यायचे फोड. आतल्या बाजूला, बांगड्यांच्या मागे."

ताई, तुझ्या दोन्ही मनगटांच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग आहेत. पहिल्या वर्षी माहेरी आलीस तेव्हा आईने विचारलं होतं आणि तू म्हणाली होतीस, इस्त्रीचा चटका बसला. मी तेव्हा शाळेत होते, तरी मला वाटलं होतं, दोन्ही हातांना एकाच जागी कशी बसते इस्त्री? पण तू हसून सांगितलंस, म्हणून मी पण हसले.

तुला माहीत होतं. तुला भावोजींच्याही आधी माहीत होतं, तुझ्या कातडीला माहीत होतं. आणि तरी तू आईला तिथे बसवलंस. आणि आता बारीक अक्षरात मला विचारतेस, आई सुखात आहे ना. हे तू कशाला विचारतेस ते मला आता कळतंय, पण मग सरळ का नाही विचारलंस? "आईच्या हातांना फोड आले का?" असं विचारायला कागद कमी पडला का?

मी रागाने लिहितेय, मला माहीत आहे. पेन कागदातून पलीकडे चाललंय. मला तुझ्यावर रागवायचं नव्हतं. तुलाही कुणी हातमोजे दिले नव्हते आणि तू नवी सून, कुणाकडे मागणार होतीस? कदाचित तूही स्वतःला सांगितलं असशील की उष्णता आहे. कदाचित तुला वाटलं असेल, मालकाची सासू आहे, तिच्या हातात कुणी चाकू देणार नाही, नुसती बसेल. मी तुझ्या बाजूने खूप कारणं शोधली, रात्र रात्र नाही, पण नर्सरीत जाता येता. तरी राग जात नाही. आपल्या घरात प्रत्येक बाई दुसरीच्या संसाराला धक्का नको म्हणून गप्प बसते, आणि सगळ्या मिळून एकच मलम वापरतात. मी शिकावं म्हणून तुम्ही दोघींनी जिवाचं रान केलंत ना? मग मी शिकले ते काय गिऱ्हाइकांसाठी?

भावोजी म्हणाले होते, तू तुझ्या लेबलांचं बघ. मी बघितलं.

ह्या हंगामाची मोठी गाडी जायची होती, बाहेरच्या सगळ्या दुकानांचा माल. लेबलं नव्याने छापायची होती, बक्षिसाचा शिक्का घालून. मी मजकूर तयार केला. वरचं सगळं होतं तसंच ठेवलं. "छाटताना हातमोजे घाला" ह्याच्या खाली, तेवढ्याच ठळक अक्षरात, एक ओळ वाढवली: "हे रोप ज्या बायकांनी तयार केलं त्यांना हातमोजे दिलेले नव्हते." त्यात एकही शब्द खोटा नाही, विशेषण नाही, कुणाला दोष नाही. नमुना मी लपवून ठेवला नाही, भावोजींच्या टेबलावर त्यांच्या समोर ठेवला. म्हटलं, नीट वाचून सही करा. त्यांनी बक्षिसाचा शिक्का सरळ आलाय ना एवढं बघितलं आणि सही केली. "तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असणार, बॉटनी."

हे वाक्य मला फार लागलं. मी पुन्हा म्हणणार होते, वाचा हो. पण एकदा म्हटलं होतं.

छापून आल्यावर लेबलं बांधायला शेडमध्ये गेली. मी दारात उभी राहिले. बायका बोलत बोलत बांधत होत्या. आईने पहिलं लेबल हातात घेतलं, शिक्का बघितला, मग डोळे बारीक करून खालपर्यंत वाचत गेली. ओठ हलत होते तिचे. शेवटच्या ओळीला थांबली. मग ती ओळ तिने मास्तरीणबाईंना वाचून दाखवली, मग पलीकडचीला. मला वाटलं, आता आई उठणार आणि गठ्ठा उचलून भावोजींकडे जाणार, जावईबापू हे बघा काय केलंय पोरीने म्हणून.

तिने दोरीला गाठ मारली. ओढून बघितली, पक्की बसलीय ना. मग दुसरं रोप पुढे घेतलं.

ह्यावरून आई सुखात आहे की नाही ते तूच ठरव. घरी आल्यावर तिने शपथेची आठवण करून दिली नाही. उद्या कामाला जाणार आहेस का विचारलं तर म्हणाली, "न जायला काय झालं?"

पहिल्या दुकानदाराचा फोन येईल तेव्हा मी ऑफिसातच असेन. फोन मी स्वतः भावोजींना देईन आणि समोर उभी राहीन. राजीनामा लिहिलेला नाही आणि लिहिणार नाही. काढायचं असेल तर त्यांनी काढावं, आणि का काढलं ते बायकांना सांगावं. तुझ्या घरी ह्यावरून काय होईल ह्याचा मी विचार केला नाही असं समजू नकोस. मी तोच सगळ्यांत जास्त केला. भावोजी तुला विचारतील, तुझ्या बहिणीला हे कुणी शिकवलं. तू काय सांगायचं ते मी सुचवणार नाही. बांगड्या वर सरकवून हात पुढे केलेस तरी पुरे.

त्यांच्या फोनआधी तुझ्या हातात हे पत्र पडावं म्हणून लगेच टाकतेय. लेबलावर सगळ्यांत वर तुझं नाव असतं, तेव्हा तुला आधी कळायला हवं.

गाडी काल सकाळी गेली.

तुझ्यावर रागावलेली आणि तरीही तुझीच,
धाकटी